रबराच्या छत्र्या

तो इन्सुलेटर माझ्या टेबलावर आडवा ठेवला तेव्हा त्याची दोन्ही टोकं टेबलाच्या बाहेर आली होती, आणि खोलीतल्या सगळ्यांची मतं आधीच ठरलेली होती.

मी भोपाळला वीज पारेषणाच्या कचेरीत इंजिनियर आहे. शहराबाहेर उंच लोखंडी टॉवरांवरून ज्या जाड तारा जातात, त्या आमच्याकडे. टॉवर लोखंडाचा, जमिनीत रोवलेला, तार विजेची. या दोघांची गाठ पडली की संपलं. म्हणून टॉवरच्या आडव्या हातापासून खाली जो लटकवतात आणि ज्याच्या खालच्या टोकाला तार बांधतात, तो इन्सुलेटर. त्याला दोनच कामं. तारेचं वजन पेलायचं आणि वीज वर चढू द्यायची नाही. जुन्या लायनींवर तो चिनी मातीचा असतो, तपकिरी बशा एकीखाली एक अडकवलेल्या. नव्या लायनींवर पॉलिमरचा. आत काचेच्या तंतूंची अंगठ्याएवढी जाड कांडी, तिच्यावर सिलिकॉन रबराचं करडं आवरण, आणि त्या आवरणाला थोड्या थोड्या अंतरावर त्याच रबराच्या पातळ गोल चकत्या. उभा केला तर माझ्या खांद्याला लागतो, पण वजनाला इतका हलका की मी एकटी उचलते.

टेबलावरच्या इन्सुलेटरच्या वरच्या टोकाकडच्या चकत्या कडेकडेने फाटल्या होत्या. काहींचा अर्धा घेर गेलेला. दोन चकत्यांच्या मधलं आवरणही एका जागी उकरलेलं, आणि तिथून आतली कांडी पिवळट दिसत होती.

ही लाइन नवीन होती. टॉवर उभे राहिले होते, तारा ओढून झाल्या होत्या, फक्त बरंच पुढे एका टॉवरच्या जागेचा वाद मिटला नव्हता म्हणून तेवढा तुकडा राहिला होता आणि लाइन अजून चार्ज झालेली नव्हती. म्हणजे तारांत वीज नव्हती. पावसाळ्यानंतर आमची माणसं लायनीवरून फिरून आली तेव्हा एका पेरूच्या बागेशेजारच्या टॉवरांवर हा प्रकार दिसला. त्यातला एक इन्सुलेटर उतरवून त्यांनी कचेरीत आणला होता.

ठेकेदाराचा साइट इंजिनियर म्हणाला, "मॅडम, चाकू से काटा है. वो बगीचेवाला पहले दिन से हमारे खिलाफ था."

ते खोटं नव्हतं. टॉवरचा पाया खणला तेव्हा त्या बागवाल्याने काम अडवलं होतं, तहसीलपर्यंत गेला होता. आमच्या साहेबांनी मान हलवली. पोलिसात तक्रार द्यायची, मसुदा मी करायचा, असं ठरलं.

मी हो म्हटलं. पण सगळे गेल्यावर मी तो इन्सुलेटर खिडकीपाशी नेला. एखाद्याच्या मनात राग असेल तर तो कुठे कापेल, असा विचार करत मी त्या कडा बघत होते. तारेजवळ? मधोमध? एक घाव घालून मोकळा होईल की असं कडेकडेने, धीर धरून, चकतीमागून चकती? या कामात रागापेक्षा चिकाटी जास्त दिसत होती. ती कुणाची, हे मला कळेना, आणि न कळलेली गोष्ट तक्रारीत लिहायला हात उचलेना.

साहेबांना विचारून मी तो इन्सुलेटर गाडीत घातला आणि घरी आणला. बाबांना दाखवायला.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते नागपूरहून इथे भोपाळला, पिपलानीच्या मोठ्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि तिथेच निवृत्त झाले. उच्च दाबाच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत होते. ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर चिनी मातीची जी उंच नळकांडी दिसतात, ती तयार झाली की बाबांसमोर यायची. बाबा त्यांच्यावर कृत्रिम पाऊस पाडायचे, मग विजेचा दाब चढवत न्यायचे, आणि कुठल्या क्षणी ठिणगी पृष्ठभागावरून उडी मारते ते बघायचे. मी लहान असताना आमच्या क्वार्टरच्या दारात अशाच एका नापास नळकांड्याचा तुकडा होता, त्यात आईने कोरफड लावली होती. शेजारच्या घरातही तेच. मला बरीच वर्षं वाटत होतं की कुंड्या अशाच असतात, आतून पोकळ आणि बाहेरून पायऱ्यापायऱ्यांच्या.

आई गेल्यानंतर बाबा शहरातच, सोनागिरी भागात माझ्याकडे राहायला आले. मुलगी पुण्याला शिकते, नवऱ्याची बदली जबलपूरला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. ऐंशीच्या पुढे गेलेत, गुडघे कुरकुर करतात, पण डोकं अजून प्रयोगशाळेतच आहे. आणि रबरावर त्यांचा राग आहे. पॉलिमर हा शब्द ते वापरतच नाहीत. "तुमच्या रबराच्या छत्र्या," असं म्हणतात. चिनी माती भट्टीतून निघाली की शंभर वर्षं तशीच, तुमचं रबर उन्हात किती टिकणार, हा त्यांचा ठरलेला सवाल. मी ठरलेलं उत्तर द्यायची, आणि चहा यायचा.

त्या संध्याकाळी मी इन्सुलेटर जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाबांनी चष्मा काढला, भिंग आणलं आणि एकेक चकती तपासत गेले.

"कोण म्हणतंय कापलंय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ठेकेदाराचा माणूस. सुरीने."

"त्याला म्हणावं, सुरी घेऊन ये आणि असं कापून दाखव." त्यांनी एका चकतीची कड माझ्यापुढे धरली. "बोट फिरव. वरून खोल खाच आहे ना? आता खालून बघ. त्याच जागी दुसरी, उथळ. सुरी एका बाजूने जाते. हे दोन्ही बाजूंनी दाबलेलं आहे."

"पक्कड?"

"पक्कड सपाट दाबते. हे टोकदार आहे." ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा असा कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. "खार. मी सांगतो, खार असणार. पुढचे दोन दात."

"खार टॉवरवर चढेल, पण लटकणाऱ्या रबरावर उतरून बसेल? वानर असेल बाबा. त्या भागात टोळ्या आहेत."

"वानर ओरबाडेल. एवढं नाजूक कशाला चावत बसेल?"

खार की वानर, यावरून जेवण होईपर्यंत आमचं चाललं होतं. भांडी आवरताना ते सहज म्हणाले, "खाल्लं असेल तर तुकडे पोटात गेले. नुसतंच चावलं असेल तर तुकडे टॉवरखाली पडलेले असणार. गवत बघितलं का कुणी?"

कुणी बघितलं नव्हतं. सगळे वर बघत होते.

रविवारी आम्ही निघालो. मी कचेरीची दुर्बीण घेतली, बाबांनी घडीची खुर्ची आणि पाण्याची बाटली. शहर संपून शेतं सुरू झाली तशी ते खिडकीतून प्रत्येक लाइन ओळखत होते. ही जुनी, ही त्यानंतरची, इथे बशांचा रंग बदललाय म्हणजे मधल्या काही बदलल्यात. एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवायला लावली, कारण त्यांना एका खांबावर वेगळ्या आकाराच्या बशा दिसल्या. मला तेव्हा घाई होती, पण थांबले.

पेरूच्या बागेच्या फाटकाशी बागवाला उभा होता. पन्नाशीचा, डोक्याला गमछा बांधलेला, हात छातीवर. तक्रारीची कुणकुण त्याला लागली असावी.

"पूछने आई हैं या पकडने?" त्याने मला विचारलं.

"देखने," मी म्हटलं. "ये मेरे पिताजी हैं. इन्हें भी देखना है."

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा एव्हाना खुर्ची उलगडण्याच्या खटपटीत होते आणि ती उलटी उलगडली होती. त्याने पुढे होऊन ती नीट करून दिली. मग बाजूला झाला.

टॉवर बागेच्या कुंपणाला लागूनच होता. बागेवर यंदा जाळी पसरलेली होती, हिरवी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टॉवरखालचं गवत वाळलं होतं. मी गुडघ्यावर बसून हाताने ते बाजूला केलं. आधी नुसती माती दिसली. मग करडे कण दिसायला लागले. मुरमुऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढे, पुष्कळ. काही पावसाने मातीत दबलेले, काही ताजे. एक उचलून मी दोन बोटांत दाबला, तो दबला आणि परत फुगला. रबर.

"पोटात नाही गेलं," मी बाबांना हाक मारून सांगितलं.

त्यांनी रुमाल पसरला आणि त्यात मी ते कण गोळा केले. बागवाला माझ्या डोक्यावरून वाकून बघत होता. "ये क्या, टॉवर झड रहा है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणीतरी त्याला झडवतंय. तो म्हणाला, बंदर. मला बरं वाटलं. बाबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. वानर आले नाहीत. खारी होत्या, पण कुंपणाच्या खांबांवर, टॉवरच्या चौथ्या पट्टीवरसुद्धा गेल्या नाहीत. बागवाल्याने घरून चहा मागवला. पहिल्या घोटानंतर त्याने सांगितलं की पायाच्या खड्ड्यात त्याची चार चांगली झाडं गेली, आणि त्याचं भांडण झाडांबद्दल होतं, रबराबद्दल नाही. बाबा ऐकत होते. "मैं तो ऊपर देखता भी नहीं," तो म्हणाला. "देखूंगा तो गुस्सा आएगा."

उन्हं कलायला लागली तेव्हा आवाज आला. आधी दुरून, किलकिल, मग अगदी डोक्यावर. पोपटांचा थवा शेतावरून आला, बागेवर एक घिरटी घातली, जाळीवर उतरायचा प्रयत्न केला आणि उठला. आणि मग ते सगळे, जसं रोजचंच आहे, टॉवरच्या आडव्या हातांवर जाऊन बसले.

मी दुर्बीण लावली. गळ्यात लाल कडं असलेला एक नर आडव्या हाताच्या टोकाशी सरकत गेला. तिथून इन्सुलेटर खाली लटकत होता. तो चोचीने लोखंडाला धरून खाली उतरला, पहिल्या चकतीवर पाय रोवले, उलटा झाला आणि खालच्या चकतीची कड चोचीत घेतली. चावली. मान हलवली. करडा कण खाली पडताना मला दिसला नाही, पण त्याने चोच पुसली ते दिसलं. पुन्हा चावली. पलीकडच्या इन्सुलेटरवर दोघं होते, एक वर, एक खाली.

मी दुर्बीण बाबांकडे दिली. त्यांना ती नीट लावता येईना. मी मागून धरली. थोड्या वेळाने ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. दुर्बीण हलायला लागली.

"बघ कसा बसलाय," ते म्हणाले. "अगं, त्याला मजा येतेय."

बागवाल्याने दुर्बीण मागून घेतली. बघितलं. मग आमच्याकडे वळला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. "ये तो मेरे ही चोर हैं," तो म्हणाला.

दर वर्षी हे पोपट त्याच्या पेरूंवर यायचे. यंदा त्याने कर्ज न काढता, घरचा पैसा घालून जाळी टाकली होती. पोपट आले, पेरू दिसत होते पण मिळत नव्हते, आणि शेजारीच बसायला उंच, ऐसपैस जागा झाली होती. बाबा म्हणाले की बसल्या बसल्या चोचीला काम हवं असेल. लगेच स्वतःलाच थांबवून म्हणाले, "हा आपला अंदाज. पोपटाला विचारलेलं नाही."

मी फोनवर चित्रफीत काढली. अंधुक आली, पण पोपट आणि चकती दोन्ही ओळखू येत होती.

सोमवारी ती साहेबांना दाखवली. त्यांनी ती दोनदा बघितली, मग साइट इंजिनियरला बोलावून त्याला बघायला लावली. तो ओशाळला नाही, उलट खूश झाला. "तोता!" असं म्हणून त्याने ती आपल्या फोनवर मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत ती कुणाकुणाकडे गेली कोण जाणे. तक्रारीचा विषय तिथेच संपला. बागवाल्याला मी स्वतः फोन करून कळवलं. तो म्हणाला, पता था, पण आवाजात हलकेपणा होता, आणि पुढच्या आठवड्यात कचेरीच्या फाटकावर माझ्या नावाने पेरूंची एक पिशवी आली.

पुढे आमच्या क्षेत्रातल्या इतर लोकांशी बोलताना कळलं की हा प्रकार जगात इतरत्रही होतो. पोपटांच्या कुळातले पक्षी रबर कुरतडतात, आणि बहुतेक वेळा लाइन बंद असतानाच. तारेत वीज आली की ते दूर राहतात. रबर त्यांना का आवडतं, हे मात्र मला कुणीच खात्रीने सांगितलं नाही. एकाने रंग म्हटलं, एकाने वास, एकाने चोच घासायची सवय. मी स्वतः एक तुकडा हुंगून बघितला. कसलाही वास आला नाही.

नुसत्या चकतीची कड गेली तर फारसं बिघडत नाही. पण कांडीवरचं आवरण फाटलं की गोष्ट वेगळी. आतल्या काचेच्या तंतूंना पाणी लागता कामा नये. लागलं तर ते हळूहळू ठिसूळ होतात, आणि एक दिवस कांडी तुटून तार खाली येते. म्हणून आम्ही एकेक इन्सुलेटर जवळून तपासला आणि ज्यांची कांडी उघडी पडली होती ते सगळे बदलायचं ठरवलं. पण लगेच नाही. वाद मिटून राहिलेला तुकडा पूर्ण झाला की मग, चार्ज करायच्या अगदी आधी. नाहीतर पोपटांना नवे दिल्यासारखं झालं असतं.

मधल्या काळात कुरतडलेला इन्सुलेटर आमच्या गच्चीवर होता. मी तो परत नेणार होते, पण बाबा रोज म्हणत, राहू दे दोन दिवस. त्यांचं काहीतरी चाललं होतं. एका संध्याकाळी घरी आले तर ते गच्चीवर रांगोळीचा डबा घेऊन बसलेले. पुढ्यात इन्सुलेटर, त्याच्या शेजारी कपबशीतली चिनी मातीची पांढरी बशी उपडी घातलेली, आणि इस्त्रीच्या वेळी पाणी फवारायची बाटली.

"बस," ते म्हणाले. "आधी हे बघ."

त्यांनी बशीवर पाणी फवारलं. पाणी पसरलं, सगळी बशी ओली झाली. मग रबराच्या एका धड चकतीवर फवारलं. पाण्याचे थेंब झाले, वेगवेगळे, गोल, आणि चकती हलवताच घरंगळून गेले. मधली जागा कोरडी.

"हे मला माहीत आहे बाबा. म्हणून तर वापरतात. पाण्याचा सलग थर झाला नाही तर वीज पृष्ठभागावरून जात नाही."

"तुला माहीत आहे. मलाही वाचून माहीत होतं. पण आमच्या वेळी चिनी मातीचा घोळ पावसाने नव्हता होत, धुळीने व्हायचा. धूळ बसली, वर दव पडलं की चिखल. चिखलातून वीज चालते. तुझ्या रबरावर धूळ बसली की पाणी रबराला लागतच नाही, धुळीला लागतं. मग त्या थेंबांचा उपयोग काय? बरोबर?"

"बरोबर."

"म्हणून मी दोघांवर धूळ चढवतोय." धूळ म्हणजे रांगोळी. ती पाण्यात कालवून त्यांनी बशीला लावली होती, ती छान बसली. पण चकतीला लावायला गेले की पाणी थेंब होऊन पळायचं आणि रांगोळी सोबत न्यायचं. दुपारपासून त्यांचं हेच चाललं होतं. शेवटी त्यांनी आधी कोरडी रांगोळी बोटाने चकतीवर चोळली, फुंकून उडवली, आणि मग कालवलेली लावली. तेव्हा कुठे ती टिकली. हे सांगताना ते इतके खुलले होते की प्रयोगाचा निकाल लागून गेल्यासारखं मला वाटलं.

थर वाळल्यावर त्यांनी दोन्हींवर फवारलं. दोन्हीकडे रांगोळीने पाणी पिऊन घेतलं. दोन्हीकडे चिखल.

"बघ," बाबा म्हणाले. जिंकल्यासारखे नाही, जरा खट्टू होऊन. "शेवटी छत्रीच."

"काही दिवस थांबा," मी म्हटलं. "त्यांना तसंच उन्हात राहू द्या."

मला उत्तर कॉलेजात शिकवलेलं होतं. डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी जास्त बोलले नाही. ते खोटं ठरलं असतं तर मला माझ्याच कामाबद्दल प्रश्न पडला असता.

गच्चीवर कुणी जायचं नाही असा हुकूम झाला. कामवाल्या बाईंनी बशी उचलून धुवायला नेली होती, ती बाबांनी जिन्यातून परत मागवली. नशिबाने पाणी लागलं नव्हतं. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. हाक नेहमीची नव्हती, म्हणून मी चहा तसाच ठेवून वर गेले.

त्यांनी बशीवर फवारलं. चिखल. मग चकतीवर. थेंब रांगोळीवर उभे राहिले. पांढऱ्या, मऊ, नुसत्या पुडीच्या थरावर पाण्याचे गोल मणी, आणि खाली पूड कोरडी. त्यांनी चकती तिरकी केली, मणी घसरले, काही जाताना थोडी रांगोळी अंगाला लावून घेऊन गेले.

बाबांनी पुन्हा फवारलं, पुन्हा बघितलं. बोटाने थर खरवडला, चिमटीत घेतला, तळहातावर टाकून त्यावर एक थेंब सोडला. थेंब तळहातावर पुडीसकट फिरत राहिला.

"हे धुळीला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

मी मला येत होतं तेवढं सांगितलं. सिलिकॉन रबरात काही लहान, मोकळे रेणू असतात. ते हळूहळू आतून वर झिरपतात, धुळीच्या थरात शिरतात आणि तिच्या कणांना आपला लेप देतात. मग धूळही पाण्याला जवळ करत नाही. पृष्ठभागावरचे संपले की आतून नवे येतात.

"किती वर्षं येत राहतात?"

"पुष्कळ वर्षं येतात. किती, ते हवेवर अवलंबून आहे, धुळीवर, रबर कसं बनवलंय त्यावर. भोपाळात तीस वर्षांनी काय होईल, हे खात्रीने सांगणारं मला कुणी भेटलेलं नाही."

"म्हणजे तुम्हालाही बघावं लागणार."

"हो. बघावंच लागणार."

हे उत्तर त्यांना आवडलं. सगळं माहीत आहे असं मी म्हटलं असतं तर त्यांनी नक्की वाद घातला असता. त्या दुपारी त्यांनी नागपूरच्या आपल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला आणि मोठ्या आवाजात रांगोळी, बशी, थेंब असं सगळं समजावलं. पलीकडच्या काकांना कमी ऐकू येतं. शेवटी बाबा म्हणाले, "तू करून बघ. घरी रांगोळी आहे ना? रबर मी पाठवतो." रबर कुरिअरने गेलंसुद्धा. एका फाटक्या चकतीचा तुकडा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून.

जानेवारीत जागेचा वाद मिटला, राहिलेला तुकडा झाला, इन्सुलेटर बदलले आणि लाइन चार्ज झाली. मी त्या वेळी उपकेंद्रात होते. अशा वेळी बघण्यासारखं काही नसतं, एक मोठा खटका ऐकू येतो आणि काटे हलतात. मी बागवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की आता खांबाला, तारेला कुणी हात लावायचा नाही, बांबू उंच करायचा नाही. पोपटांचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला की ते आले होते, टॉवरच्या अगदी शेंड्यावर बसले, खाली कुणी उतरलं नाही, आणि आता शेजारच्या बोरीवर असतात.

त्यानंतर काही दिवसांनी भोपाळात धुकं पडलं. इतकं की समोरच्या घराची गच्ची दिसेना. सकाळी बाबा स्वेटर, मफलर घालून तयार होते. "जाऊन ऐकून येऊ," ते म्हणाले. बागेच्या थोडं पुढे आमची नवी लाइन आणि एक जुनी, चिनी मातीच्या बशांची लाइन रस्त्याच्या दोन बाजूंनी जातात. हे त्यांनी पहिल्या फेरीतच हेरून ठेवलं होतं.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी इंजिन बंद केलं. काचा खाली केल्या. धुक्यात टॉवरचे नुसते पाय दिसत होते. उजवीकडून, जुन्या लायनीकडून, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी सतत चरचर येत होती, मधूनच जोरात. ओल्या धुळीवरून वीज वाट काढू लागली की असा आवाज येतो. डावीकडेही आवाज होता, पण बारीक, कान देऊन ऐकावा लागणारा.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मफलर त्यांनी कानांवरून खाली ओढला होता.

"नवी शांत आहे," मी म्हटलं.

"आहे. पण ती नवी आहे, धुळीला अजून वेळच मिळालेला नाही. आणि तारांचा स्वतःचाही आवाज असतो. दोन्हीकडच्या तारा सारख्या जाडीच्या आहेत का?"

"नाहीत."

"मग यावरून काही सिद्ध होत नाही." त्यांनी डोळे उघडले आणि डावीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे बघितलं. "पुढच्या हिवाळ्यात परत यावं लागेल."

मी म्हटलं, येऊ. त्यांनी काच वर केली, थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला, आणि मी गाडी चालू करणार तेवढ्यात हात करून थांबवलं. त्यांना अजून थोडा वेळ ऐकायचं होतं.